वैशाख सरताना फुलणारे कंद: मराठवाड्याच्या अंगणासाठी

ताई, तुमचा प्रश्न असा: लातूरला घरापुढे 12 बाय 20 फुटांची जागा आहे, माती काळी, पाणी बोअरचं. मे लागला की मोगरा सोडून अंगणात फूल दिसत नाही. म्हणून 'उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारे' अशी एक यादी वाचून दोन वर्षं कंद मागवले. ट्युलिप उगवलेच नाहीत. लिलियम पहिल्या वर्षी सुरेख फुलले आणि आषाढात कुजले. आता सहसा कुणाच्या दारात नसलेलं, पण इथं टिकणारं काहीतरी हवं आहे.

पहिली गोष्ट ही की तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. ट्युलिपच्या कांद्याला फुलायच्या आधी साधारण 12 ते 14 आठवडे सलग थंडी लागते, तीही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात असते तशी. लातूरला डिसेंबरातल्या चार-आठ रात्री गार होतात, पण दुपारी पुन्हा ऊन तापतंच. श्रीनगरला 2007 साली ट्युलिपची मोठी बाग सुरू झाली, ती मार्च-एप्रिलमध्ये फुलते, कारण तिथल्या मातीत सगळा हिवाळा थंडी मुरलेली असते. लिलियमचंही तसंच. विकत येतो तो कांदा शीतगृहात थंडी खाऊन आलेला असतो, त्या शिदोरीवर तो एकदा फुलतो. दुसऱ्या वर्षाची शिदोरी त्याला आपल्याकडे मिळत नाही.

शिवाय त्या यादीतला 'उन्हाळ्याचा शेवट' आपला नव्हे. थंड देशांत उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे त्यांचा उन्हाळा सरतो तेव्हा आपल्याकडे श्रावण-भाद्रपद असतो. आपला उन्हाळा सरतो वैशाखाच्या अखेरीस आणि ज्येष्ठात, वळवाचे दोन-चार सडे पडून मृगाची वाट बघायला लागतो तेव्हा. त्याच पंधरा-वीस दिवसांत फुलणारे कंद आहेत आणि ते इथं आनंदानं राहतात. त्यांची गरज उलटी आहे: चार-पाच महिने कडक कोरडी झोप. ती द्यायला मराठवाड्याइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

हे मला कळलं ते 2016 साली. अंबाजोगाईला माझी छोटी रोपवाटिका आहे. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं होतं, तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. माणसांनाच पाणी नाही तिथं फुलझाडांना कुठून देणार? त्याआधी कित्येक वर्षं मी कंदांच्या वाफ्यांना उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी देत होतो. सुकतील या भीतीनं. दरवर्षी थोडे कुजायचे, उरलेले पानं काढायचे, फुलं मात्र तुरळक. त्या वर्षी फेब्रुवारीपासून एक थेंबही दिला नाही आणि ते गेलेच असं मनानं घेतलं. मे महिन्यात भेगाळलेल्या वाफ्यातून फुटबॉल लिलीचे लाल चेंडू वर आले. पुढं पहिला मोठा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी रेन लिलीनं सगळी कड गुलाबी करून टाकली. इतकी फुलं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. इतकी वर्षं मी त्यांना जपतो म्हणून झोपूच देत नव्हतो. कांदा म्हणजे झाडानं भरून ठेवलेली कणगी. त्याला तहान मारत नाही, ओल मारते. ऊन असताना आणि पान नसताना मातीत राहिलेली ओल सगळ्यात वाईट.

म्हणून रोपांआधी मातीचं बोलू. आपली काळी माती पावसात फुगते, महिनाभर पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते. भेग पडताना मुळं तुटतात आणि फुगताना कांद्याला हवा मिळत नाही. तीत घमेलंभर वाळू मिसळून भागत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट होते. जमिनीच्या वर एक फूट उंचीचा गादीवाफा करा. एक भाग काळी माती, दोन भाग चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग वर्षभर कुजलेलं शेणखत. बरेच जण तळाला विटांचे तुकडे भरतात, मला त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा वाफ्याखालची जमीन पहारीनं फोडा आणि कडेनं पाण्याला उताराची वाट द्या. कोकोपीट कुंडीत हलकं वाटतं, पण पावसाळ्यात ते स्पंजासारखं भिजून राहतं, कंदांना नकोच. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणी येते आणि पहिल्या पावसानंतर कांद्याची मुळं कुरतडते. लागवडीआधी खत उन्हात पसरून कोंबड्यांना चिवडू द्या, निम्मं काम होतं.

आता फुलांकडे येतो. तुमच्या अंगणात पहिलं लावायचं ते फुटबॉल लिली. काही जण मे फ्लॉवर म्हणतात, नर्सरीत अजूनही हिमॅन्थस म्हणून मिळते. 1976 साली शास्त्रज्ञांनी तिला स्कॅडॉक्सस या वेगळ्या प्रजातीत घातलं, म्हणून पाटीवर दोन्ही नावं दिसतात. मूळची आफ्रिकेची. आधी पान नाही काही नाही, जमिनीतून ठिपक्याठिपक्यांचा जाड दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला शे-दीडशे, कधी दोनशेपर्यंत बारीक लाल फुलांचा एकच गोल चेंडू फुलतो. आमच्याकडे साधारण 5 ते 25 मेच्या दरम्यान, पाऊस असो वा नसो. चेंडू आठवडा-दहा दिवस टिकतो. मग केळीसारखी लुसलुशीत पानं येतात आणि दिवाळीपर्यंत राहतात. या पानांचं महत्त्व लोक विसरतात. फुलं झाली की झाड दुर्लक्षित होतं आणि पुढच्या वर्षी नुसती पानं येतात. पुढच्या चेंडूची भरती हीच पानं पावसाळाभर करत असतात. त्या काळात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि थोडी लाकडाची राख द्या. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी, आंब्याखाली किंवा घराच्या पूर्वेला. लावताना मान मातीच्या पातळीला ठेवा, खोल पुरू नका. आणि एकदा लावली की तीन-चार वर्षं हलवू नका. हलवली की रुसते, एखादं वर्ष फुलत नाही. लिंबाएवढा कांदा घेतला तर फूल यायला दोन वर्षं धीर धरा, मोठ्या मोसंबीएवढा असेल तर त्याच वर्षी येईल.

भुईचाफा माझ्या सगळ्यात जवळचा. हा खरं तर कांदा नव्हे, हळदीच्या कुळातला कंद. कांदा कापला की पापुद्रे निघतात, कंद आतून भरीव असतो, एवढा फरक. पण झोपेची रीत दोघांची एकच, म्हणून इथं सांगतो. वैशाखात, झाडाचा मागमूस नसताना, भुईला चिकटून फूल उमलतं. दांडा नाही, पान नाही. पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळट दुभंगलेला ओठ आणि सुगंध इतका मंद की गुडघे टेकून वाकावं लागतं. एक फूल एकच दिवस, पण एका फुटव्यातून एकामागून एक चार-सहा येतात आणि जुन्या ठोंबात आठवडाभर रोज सकाळी पाच-सात फुलं असतात. फुलं संपली की हिरव्यावर रुपेरी नक्षी आणि खालून जांभळी अशी पानं येतात. नुसत्या पानांसाठीही लावावा असा हा आहे. मराठवाड्यात अनेकांनी तो पाहिलेलाही नाही, कारण आपण मेमध्ये जमिनीकडे बघतच नाही. त्याला दुपारचं ऊन चालत नाही, पानं करपतात. कंद दोन इंच खोल. माघ-फाल्गुनात उकरला तर मुख्य गड्ड्याला दोऱ्यांनी लटकलेली अंड्याएवढी पांढरी मुळं दिसतील. ती तोडू नका, त्यांत अन्न असतं. डोळा असलेला तुकडा चार-पाच लटकत्या मुळांसकट वेगळा केला की नवीन झाड तयार.

रेन लिलीचं नाव वाचून तुम्ही म्हणाल, ही तर सगळीकडे असते. गुलाबी असते. पण पिवळी आणि पांढरी मिळवा, मग रांग लांबते. गुलाबी पहिल्या वळवाला धावते, पिवळी तिच्या मागोमाग, आणि कांद्याच्या पातीसारख्या बारीक पानांची पांढरी श्रावण-भाद्रपदात. तिन्ही जवळजवळ लावल्या तर ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत प्रत्येक चांगल्या पावसानंतर तीन-पाच दिवसांनी अंगण उठतं. हिला भरपूर ऊन हवं, दोन इंच खोल आणि तीन इंचांवर, दाटीनं. दाटीत ती जास्त फुलते, म्हणून दरवर्षी विरळणी करत बसू नका. आपल्याकडे पावसात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो, शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो काळ. हिला मात्र तो खंड मानवतो. कोरडं पडून पुन्हा भिजलं की ती पुन्हा फुलते. मोठा खंड पडला आणि फुलं हवीच असली तर साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन वाफा एकदाच पूर्ण चिंब करा. रोज झारीनं शिंपडलं तर नुसती पात वाढते. पिवळीला बी आपोआप धरतं, काळं, चपटं, पापुद्र्यासारखं. ताजं पेरलं तर एक-दोन वर्षांत फूल देतं.

ज्या कोपऱ्यात तुम्ही काही केलं तरी पाणी साचतं, तिथं वाफा उंच करायच्या भानगडीत न पडता मोठा क्रायनम लावा. आपल्या देशातलाच एक क्रायनम आहे, काही भागांत गडांबी कांदा म्हणतात. पहिल्या पावसाच्या आगेमागे कमरेएवढा दांडा काढतो आणि पांढऱ्या घंटांवर आतून गुलाबी पट्टा असतो, वास संध्याकाळी येतो. त्याचाच भाऊबंद नागदवणा, जाड पानांचा, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांचा. काळी माती, चिखल, उन्हाळ्याची भेग, सगळं हे सोसतात. वर कांद्याबद्दल जे सांगितलं त्याला एवढाच अपवाद. बी मांसल, लसणीच्या पाकळीपेक्षा मोठं असतं, ते नुसतं जमिनीवर पडलं तरी पाण्याशिवाय कोंब काढतं. पुरू नका, ठेवून द्या.

कळलावी, म्हणजे अग्निशिखा, ज्येष्ठात उगवते आणि श्रावणात फुलते. तुमच्या यादीतला थंड देशांचा 'उन्हाळ्याचा शेवट' तो हाच. पाकळ्या वर वळलेल्या, नागमोडी काठाच्या, आधी पिवळ्या-हिरव्या, मग शेंदरी, मग लाल. तमिळनाडूचं हे राज्यफूल, तिथं बियांसाठी तिची शेतीही होते. पानाचं टोकच लांब होऊन तणाव्यासारखं आधाराला विळखा घालतं, म्हणून जाड बांबू तिला धरता येत नाही. आपल्याकडच्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या रोवल्या तर अगदी बेताच्या पडतात. गड्डा व्ही आकाराचा असतो, फांदीच्या टोकाशी एकच डोळा, तो मोडला की गड्डा फुकट. आडवा, चार इंच खोल, मेअखेर लावायचा. जुना गड्डा दरवर्षी संपतो आणि शेजारी नवीन जन्मतो, तेव्हा पुढच्या वर्षी झाड वितभर सरकून उगवलं तर घाबरू नका.

पण कळलावीबद्दल एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः गड्ड्यात, कोल्चिसिन नावाचं विष असतं. ती पोटात गेल्यानं माणसं दगावली आहेत. बाळंतपणाच्या कळा लावते म्हणून 'कळलावी', हे नाव जुन्या वापरातून आलं. तसला प्रयोग कुणी करू नये आणि कुणी सुचवला तर थांबवावं. गड्डा हातमोजे घालून हाताळा, रताळ्या-सुरणाजवळ ठेवू नका. घरात रांगतं मूल असेल किंवा शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर लावूच नका. फुटबॉल लिली, रेन लिली, क्रायनमचे कांदेही विषारी आहेत, फरक प्रमाणाचा. कुठलाही फुलांचा कांदा स्वयंपाकघरातल्या टोपलीशेजारी सुकवायला ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

ट्युलिपची हौस राहिली असेल तर सियाम ट्युलिप घ्या. नाव तेवढं ट्युलिपचं, कूळ हळदीचं, मूळ गाव थायलंडकडचं. आषाढापासून भाद्रपदापर्यंत गुलाबी तुरा महिनाभर टिकतो. हिला कुंडीच बरी. सोनटक्का मला फार आवडतो, पण त्याला सतत ओल लागते. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ जागा असेल तरच. निशिगंध आणि स्पायडर लिली तुम्हाला माहीत आहेतच. आणि डोंगरावरून काही उपटून आणू नका, हे हात जोडून सांगतो. बालाघाटाच्या मुरमाड माळावर रानकांदा उन्हाळ्यात पानाशिवाय फुलतो. तिथं बघायला जा, तो अंगणात आणून कुणाचं भलं होत नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल. तुमच्या कुंड्यांच्या कडेला पांढरा थर येत असेल तर ते क्षार आहेत. कंदांना उन्हाळ्यात पाणी नकोच, त्यामुळे निम्मा प्रश्न सुटतो. उरला पावसाळ्यातला खंड. त्यासाठी पत्र्यावरून पडणारं पाणी दोन टिपाडांत धरून झाकून ठेवा. एसीचं गळणारं पाणीही चालतं. आरओ फिल्टरचं बाहेर टाकलेलं पाणी बरेच लोक झाडांना घालतात, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कंदांना अजिबात घालू नका. पावसाळ्यातही पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते बहुधा लोह न मिळाल्याचं लक्षण, चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची फवारणी करा.

कीड फार नाही, पण जी आहे ती एका रात्रीत झाड खाते. पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात लिलीच्या पानांवर काळ्या अळ्या दिसतील, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके. रेन लिली, क्रायनम, कळलावी, सगळ्यांवर येतात आणि कळपानं असतात. सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका, लहान बागेला याहून चांगला उपाय नाही. नंतर 5 टक्के निंबोळी अर्क. दुसरी शंखी गोगलगाय. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनचं तिनं काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. भुईचाफ्याची कोवळी पानंही तिला आवडतात. गुळाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका.

घेताना कंद हातात तोलून घ्या. आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे. तळाशी अंगठा दाबा, मऊ लागला तर तो आतून गेला. फोटोत निळी फुटबॉल लिली किंवा निळी रेन लिली दिसली तर तिथं पैसे घालू नका, असा रंग यांच्यात नसतो. पार्सलनं आलेले कंद दोन दिवस सावलीत उघडे ठेवा, लावण्याआधी अर्धा तास ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात बुडवा, लिटरला 5 ग्रॅम. मग सावलीत सुकवून लावा आणि फुटवा दिसेपर्यंत पाणी घालू नका. हेच सगळ्यात अवघड जातं. लावलं की हात झारीकडे जातोच.

आता चैत्र चालू आहे, म्हणजे फुटबॉल लिली आणि भुईचाफ्याला अजून वेळ आहे, वाफा मात्र याच आठवड्यात करा. रेन लिली रोहिणी लागायच्या आत, कळलावी रोहिणीत. पानं कार्तिकात पिवळी पडायला लागली की पाणी बंद, ओढून काढायची नाहीत, आपोआप वाळू द्यायची. आणि जिथं जिथं कंद आहे तिथं वीतभर लोखंडी सळई किंवा रंगवलेली काठी रोवून ठेवा. माघ-फाल्गुनात वर काहीच दिसत नाही, आणि जागा रिकामी आहे असं समजून कुणीतरी प्रेमानं तिथं कुदळ मारतं. माझ्या भुईचाफ्याचा अकरा वर्षांचा ठोंब तसाच गेला. मिरच्यांची रोपं लावायची होती घरच्यांना.